बाग सरकारची, गोष्ट तुमची: ऑडिओ गोष्टींतून छोटा व्यवसाय



मोर्शी-वरूडकडच्या पोरांशी धंद्यावर बोलायला बसलं, की एक वाक्य हमखास येतं: "सर, आपल्या इकडे पाहाले हायेच काय?" आजचा पाठ याच वाक्यावर आहे.

मोर्शीहून तासा-दीड तासावर अमरावतीत, वडाळीला, वनविभागाचं बांबू उद्यान आहे. बांबूच्या कितीतरी जाती एका ठिकाणी लावलेल्या. लोक येतात, फिरतात, फोटो काढतात आणि घरी जातात. घरी गेल्यावर काय पाहिलं विचारा. "बांबू होते," एवढंच उत्तर मिळतं. पाहायला भरपूर आहे, सांगणारा नाही. ही जी मोकळी जागा आहे ना, तिथं तुमचं काम सुरू होतं. मोबाइलवर ऐकायच्या तीन-तीन मिनिटांच्या गोष्टी, एका झाडासमोर एक.

तुमचं भांडवल कोणतं?

माइक नाही. भांडवल म्हणजे तुम्हाला जे माहीत आहे आणि इंटरनेटवर सहज सापडत नाही ते.

बांबू हे झाड नसून गवत आहे, हे कोणीही शोधून सांगेल. त्याचा कोंब एकाच हंगामात पूर्ण उंची गाठतो आणि नंतर जाडीत वाढत नाही, हेही सापडेल. पण संत्र्याची फांदी फळांनी लदली की तिला बांबूचा टेकू द्यावा लागतो, नाहीतर ती मोडते, हे मोर्शीचं पोरगं पाहून सांगू शकतं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला नेमकं हेच ऐकायचं असतं.

असे धागे शोधा. सुपं-टोपल्या विणणाऱ्या बुरुडाकडे तासभर बसा. मेळघाटात लवादा इथं सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे, तिथं कोरकू कारागिरांच्या हातून काय काय घडतं ते पाहून या. 2017 साली कायदा बदलला आणि जंगलाबाहेर वाढवलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. त्यामुळे शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातला बांबू तोडणं-नेणं सोपं झालं. ही गोष्ट शेतकरी पाहुणा थांबून ऐकेल, कारण तिच्यात त्याच्या खिशाचा प्रश्न आहे.

गोष्ट कशी लिहायची?

बोलताना मिनिटाला साधारण 110 ते 130 शब्द होतात. म्हणजे तीन मिनिटांना साडेतीनशे शब्द पुष्कळ झाले. सुरुवात माहितीने करू नका, ऐकणाऱ्याला काहीतरी करायला सांगा. उदाहरणार्थ:

"थांबा. समोरच्या बांबूवर बोटाच्या पेराने हळूच टकटक करा. पोकळ आवाज आला? आता जरा वर, गाठीवर वाजवा. आवाज बदलला ना? ही गाठ आहे म्हणून एवढा उंच बांबू वाऱ्यात वाकतो, पण सहसा मोडत नाही."

पाहा, यात शास्त्र आलं, पण भाषण झालं नाही. आणखी एक फायदा: ज्याला दिसत नाही, अशा माणसालाही ही बाग फिरता येते. म्हणून स्पर्श, वास, आवाज गोष्टीत आणा. मात्र "पान खाऊन पाहा", "फांदी तोडा" असं चुकूनही सांगू नका.

रेकॉर्डिंग

हजारो रुपयांचा माइक घेऊ नका. बंद खोलीत, गाद्या-रजया ठेवून, पंखा बंद करून साध्या मोबाइलवर बोला. बागेतले पक्षी, पानांची सळसळ वेगळी रेकॉर्ड करून मागे हलकी लावा. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हे जमतं. सिनेमाचं गाणं लावायचं नाही, त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात. तीन मिनिटांची फाइल दीड एमबीच्या आत बसवता येते, म्हणजे व्हॉट्सअॅपवर आरामात जाते. पुढे चिखलदऱ्याच्या बागेसाठी गोष्टी केल्या, तर वर नेटवर्कचा भरवसा धरू नका. पाहुण्याने खालीच डाउनलोड करून न्यावं, अशी सोय करा.

पैसे कोण देणार?

इथंच बहुतेक जण चुकतात. खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही मांडा.

समजा आठ गोष्टींना जाणं-येणं, छपाई आणि तुमच्या वेळेची मजुरी धरून 5,000 रुपये लागले. एका माणसाकडून 20 रुपये घ्यायचे म्हटलं, तर नुसता खर्च निघायला 250 गिऱ्हाइकं हवीत. फुकट ऐकायची सवय असलेल्या लोकांकडून हे सोपं नाही. आता दुसरा हिशेब. गोष्टी फुकट ठेवा. त्या ऐकून एखाद्या शाळेने बोलावलं, 50 मुलांची सहल तुम्ही स्वतः फिरवली, मुलामागे 50 रुपये घेतले, तर 2,500 झाले. त्या दिवसाचा 700 रुपये खर्च वजा करा, 1,800 उरले. तीन सहलींत मूळ खर्च निघून वर 400 राहतात.

म्हणजे ऑडिओ ही तुमची जाहिरात आणि सोबत फिरवणं हा तुमचा माल. शाळा, हॉटेलवाले, रोपवाटिका, गाडीवाले हे तुमचे पैसे देणारे. बागेत मोकळा फिरणारा माणूस हा तुमचा श्रोता. या दोघांत गल्लत करू नका.

आपले संत्रावाले काय करतात? मृग किंवा आंबिया, एक बहार ठरवतात आणि त्यासाठी झाडाला ताण देतात. दोन्ही बहार ओढायला गेलं की झाड खचतं. तुम्हीही पहिल्या वर्षी एकच गिऱ्हाईक धरा.

परवानगी आणि विश्वास

बाग तुमची नाही, सगळ्यांची आहे. बागेत पैसे घेऊन लोकांना फिरवायचं असेल, क्यूआर कोडचा फलक लावायचा असेल, तर आधी संबंधित कार्यालयाला लेखी अर्ज द्या आणि उत्तराची वाट पाहा. अर्जाची पोच जपून ठेवा. झाडाचं नाव पक्कं ठाऊक नसेल, तर उद्यानातल्या माळ्याला, वनस्पतिशास्त्राच्या सरांना विचारा. दंतकथा सांगायची तर "असं सांगतात" म्हणूनच सांगा. एक चूक सापडली की शाळेचे गुरुजी पुढच्या वर्षी फोन करत नाहीत.

या आठवड्याचा गृहपाठ

अमरावतीला जायची घाई नको. मोर्शीतच रोज दिसणारं एक झाड निवडा: शाळेतला कडुनिंब, पाराचा पिंपळ, काहीही. साडेतीनशे शब्द लिहा, रेकॉर्ड करा आणि दहा जणांना ऐकवा. घरचे दोन, बाहेरचे आठ. "आवडलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतील. "काय लक्षात राहिलं?" असं विचारा. दहापैकी सहा जणांना एकच गोष्ट आठवली, तर गोष्ट जमली. नाही जमली तर पुन्हा लिहा. कागद स्वस्त आहे, कर्ज महाग असतं.

भेटू पुढच्या पाठात.