रोमन आंकडे आणि आपला ‘एकोणपन्नास’

पांचवीच्या मुलांस रोमन आंकडे शिकवीत असतां एक गोष्ट पुष्कळ वर्षें माझ्या ध्यानांत येत गेली आहे. बारापर्यंतच्या संख्या मुलें बिनचूक लिहितात, कारण घड्याळाची तबकडी त्यांच्या परिचयाची असते. पुढें तीसपर्यंतहि फारशी अडचण पडत नाहीं. परंतु एकोणपन्नास लिहावयास सांगितलें, कीं निम्मा वर्ग एकच चूक करितो. आणि ती करणारीं मुलें मंद नसून बहुधा हुशार असतात. अशाच एका मुलाच्या वहींत मीं तांबडी फुली मारली, तेव्हां तो उभा राहून म्हणाला, “सर, एकोणपन्नास म्हणजे एक उणा पन्नास. पन्नासाचें अक्षर ‘एल’. त्याच्या डावीकडे एकाचें ‘आय’ ठेवलें. डावीकडचें लहान अक्षर वजा करावयाचें, असें आपणच काल सांगितलेंत. मग माझें चुकलें कोठें?” मीं “नियमच तसा आहे” एवढें बोलून त्यास खालीं बसविलें. हें उत्तर नव्हे, हें मला त्याच वेळीं ठाऊक होतें. तें राहिलेलें उत्तर येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम अक्षरांची ओळख. एकास ‘आय’, पांचांस ‘व्ही’, दहांस ‘एक्स’, पन्नासांस ‘एल’, शंभरास ‘सी’, पांचशेंस ‘डी’ व हजारास ‘एम’. (या लेखांत तीं अक्षरें नांवांनींच लिहिलीं आहेत, वाचकांनीं कागद घेऊन तीं मोठ्या इंग्रजी लिपींत मांडीत जावींत, म्हणजे विषय लवकर उमगेल.) ‘सी’ व ‘एम’ हीं शंभर व हजार या अर्थाच्या लॅटिन शब्दांचीं आद्याक्षरें होत, असें अनेक जण सांगतात. खूण म्हणून हें ठीक. पण हजाराचें जुनें चिन्ह मध्यें उभी रेघ असलेल्या वर्तुळासारखें होतें. त्याचा उजवा अर्धा भाग पाहा: तोच ‘डी’, म्हणजे पांचशें. ही खूण मला अधिक आवडते.

मोठ्या अक्षराच्या उजवीकडे लहान किंवा बरोबरीचें अक्षर आलें तर मिळवावें, डावीकडे लहान आलें तर वजा करावें, हें सर्वांस पाठ असतें. ‘आय’, ‘एक्स’, ‘सी’ व ‘एम’ हीं अक्षरें लागोपाठ तीन वेळांपर्यंत येतात; ‘व्ही’, ‘एल’ व ‘डी’ हीं कधीं दोनदां येत नाहींत आणि वजाहि होत नाहींत. येथवर कोणाचें चुकत नाहीं. जें सांगावयाचें राहून जातें तें असें, कीं ‘आय’ हें केवळ ‘व्ही’ व ‘एक्स’ यांतूनच वजा होतें. ‘एक्स’ हें ‘एल’ व ‘सी’ यांतून. आणि ‘सी’ हें ‘डी’ व ‘एम’ यांतून. ‘आय’चा हात ‘एल’पर्यंत पोहोंचत नाहीं.

असें कां? संख्या कानानें ऐकूं नका, पाटीवर पाहा. ४९ यांत दहंच्या घरीं ४ व एकंच्या घरीं ९ आहेत. चाळीस म्हणजे ‘एक्स-एल’, नऊ म्हणजे ‘आय-एक्स’. एकापुढें एक ठेवले, कीं ‘एक्स-एल-आय-एक्स’ झालें. प्रत्येक घराचा आंकडा आधीं निराळा लिहावा आणि मग मोठ्या घरापासून क्रमानें जोडावा, एवढीच सारी युक्ति आहे. तिचा आणखी एक लाभ असा, कीं एकंचे नऊ आकार एकदां बसले म्हणजे नवें कांहीं शिकावें लागत नाहीं. ‘आय, व्ही, एक्स’ यांच्या जागीं ‘एक्स, एल, सी’ घातलीं कीं दहं झालें. ‘सी, डी, एम’ घातलीं कीं शतं झालें. ४ म्हणजे ‘आय-व्ही’, ४० म्हणजे ‘एक्स-एल’, ४०० म्हणजे ‘सी-डी’. म्हणून ४४४ हे ‘सी-डी-एक्स-एल-आय-व्ही’. तसेंच ९, ९० व ९०० यांवरून ९९९ होतात ‘सी-एम-एक्स-सी-आय-एक्स’. हजारांतून एक काढून ते दोन अक्षरांत उरकण्याचा मोह पुष्कळांस होतो!

आतां त्या मुलाच्या बाजूनें बोलतों. त्याची चूक त्याच्या मातृभाषेनें शिकविलेली आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असें एकोणनव्वदपर्यंत मराठी जीभ पुढच्या दशकांतून एक उणा करीतच चालते. केवळ नव्याण्णवाला ती वाट सोडते. म्हणूनच कीं काय, ९९ लिहितांना ही चूक मला कमी आढळते. आणि नवल असें, कीं खुद्द रोमन मुलगाहि असाच बोलत असे! लॅटिन भाषेंत एकोणिसास ‘वीसांतून एक’ व अठरांस ‘वीसांतून दोन’ अशा अर्थाचे शब्द आहेत; एकोणपन्नासासहि तसाच शब्द आहे. म्हणजे बोलण्यांत रोमन व मराठे एका पंक्तीचे. लिहिण्यांत मात्र रोमन मनुष्य सामान्यतः घरें निराळीं ठेवी. याचें कारण, मला वाटतें, त्याच्या हिशेबाच्या फळ्यांत असावें. तो या अक्षरांवर बेरीज-गुणाकार करीत नसे. एकं, दहं, शतं यांचे निरनिराळे रकाने असलेल्या फळ्यावर खडे मांडून करी. (खड्यास लॅटिनमध्यें ‘कॅल्क्युलस’ म्हणत, हिशेब या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यापासूनच निघाला.) रकान्यांत जें दिसलें तें रकान्यांच्या क्रमानें लिहिलें जाणें साहजिकच होय.

तथापि हे नियम रोमांत आजच्याइतके कडक नव्हते, हेंहि सांगितलें पाहिजे. इसवी सन ९ मध्यें जर्मनीच्या अरण्यांत पडलेल्या मार्कुस केलियुस नांवाच्या सेनाधिकाऱ्याचा स्मारकशिलालेख बॉन येथील संग्रहालयांत आहे. त्यावर त्याच्या अठराव्या पलटणीचा आंकडा ‘एक्स-आय-आय-एक्स’ असा कोरलेला आहे. आज आपण त्यास चूक म्हणूं. रोम येथील कोलोसियम या रंगभूमीच्या चव्वेचाळिसाव्या दरवाजावर चाळीस ‘एक्स-एल’ असे वजा करून लिहिले आहेत, पण पुढचे चार मात्र चार ‘आय’ ओळीनें मांडून! घड्याळाच्या तबकडीवर चाराच्या जागीं पुष्कळदां चार ‘आय’ दिसतात, तीहि ही जुनीच रीति होय. लंडनच्या ‘बिग बेन’वर मात्र ‘आय-व्ही’ आहे. सारांश, त्या मुलाची चूक तर्काची नव्हती. पुढें रूढ झालेल्या नियमाची होती, आणि परीक्षेंत तो नियमच पाहतात.

या पद्धतींत शून्य नाहीं, आणि अक्षराची किंमत घरावरून बदलत नाहीं. १८८८ लिहावयास तेरा अक्षरें लागतात, तर २००० दोन अक्षरांत आटोपतात. अशा अक्षरांनीं व्यापाऱ्याचें खातें किती अवघड होत असेल! भारतांत निघालेले नऊ अंक व शून्य अरबांच्या द्वारें युरोपांत पोहोंचले, आणि पिसा येथील लिओनार्दो यानें १२०२ मध्यें आपल्या ग्रंथांत ते व्यापाऱ्यांस समजावून दिले. तरी जुनी रीति सुटावयास पुढें कित्येक शतकें लागलीं.

आज रोमन आंकडे हिशेबास नव्हे, तर क्रमांकास व शिलालेखास उरले आहेत. बायबलच्या जुन्या इंग्रजी प्रतींत स्तोत्रांचे क्रमांक याच अक्षरांनीं छापलेले असतात. १७६ वचनांचें सर्वांत मोठें स्तोत्र काढावयाचें तर ‘सी-एक्स-आय-एक्स’, म्हणजे ११९, शोधावें. मुंबईस जाल तेव्हां गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीवरील लेख अवश्य वाचा. तेथें राजाच्या नांवापुढें ‘व्ही’ आहे, म्हणजे पंचम जॉर्ज. आणि शेवटीं वर्ष आहे ‘एम-सी-एम-एक्स-आय’. हजार, मग नऊशें, मग दहा, मग एक: १९११. हें राजाच्या आगमनाचें वर्ष होय. कित्येक जण तें बांधकामाचें समजतात, परंतु कमान खुली झाली ती १९२४ मध्यें. तें वर्ष लिहावयाचें तर ‘एम-सी-एम-एक्स-एक्स-आय-व्ही’ असें येईल.

सरावासाठीं चार संख्या देतों: ५९, ४९९, १९४९ व १९९९. ज्याच्यासाठीं हा लेख लिहिला, तो मुलगा आतां नववींत आहे. शेवटची संख्या तो कशी लिहितो, हें मला पाहावयाचें आहे.