उतरवलेला बाण

उमेळे



दिवाळीत वाडीच्या बांधाला पेंढा रचून तू बाण मारत होतीस, तेव्हा घर भरलेलं होतं म्हणून मी गप्प बसलो. पिवळ्यावर नेम येतो न येतो तोच तुझं बोट रिलीजच्या खटक्यावर आपटत होतं. विचारल्यावर म्हणालीस, परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघते, ते असंच झटपट सोडतात.

त्यांची घाई त्यांच्या कामातली आहे, बाळा. जनावर वीस मीटरवर, तेही अंदाजाने. शिकारी उकिडवा नाहीतर मचाणावर वाकडा बसलेला. फांद्यांत अडकू नये म्हणून धनुष्य आखूड, बाण जड आणि पात्याचा. दुसरा बाण मिळेल याची खात्री नाही. तुझं अंतर ठरलेलं, 50 मीटर. निशाण 80 सेंटीमीटरचं, त्यात दहाचं वर्तुळ आठ सेंटीमीटरचं. पात्रता फेरीत बाण 72, आणि बहात्तरावा पहिल्यासारखाच सुटायला हवा. तुझ्या धनुष्याचा लांब दांडा जंगलात अडचण ठरेल, पण तुझा हात तोच स्थिर ठेवतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात पंधरा बाणांत 150 गुण घेतले. त्याच दिवशी तुमच्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. पंधराच्या पंधरा दहा गुण घाईने पडत नाहीत. पाठीचे स्नायू ओढत राहतात आणि बाण आपोआप सुटतो.

तरी शिकाऱ्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, ती व्हिडिओत दाखवत नाहीत.

मी दहाएक वर्षांचा असेन. 1972 चा वन्यजीव कायदा तेव्हा यायचा होता. आपल्या वाडीत तुंगारेश्वरच्या पायथ्याकडचे एक वारली आजोबा कामाला येत, बांबूचा तीरकमठा घेऊन. एकदा मला रानात नेलं. ससा दिसला. त्यांनी तीर कानापर्यंत ओढला, थांबले, आणि हळूच सैल केला. ससा निघून गेला. मी हिरमुसलो. ते म्हणाले, मध्ये गवताची काडी होती, तीर वळला असता, जखमी होऊन बिचारा कुठेतरी कुढत मेला असता. त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने परतलो आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

पुढे शाळेत तिरंदाजी शिकवताना मी मुलांना आधी हेच करायला लावायचो. ओढलेला बाण न सोडता उतरवायला शिकणं सोडण्याहून अवघड जातं. अंतिम सामन्यात एका बाणाला 20 सेकंद असतात, तेवढ्यात एकदा उतरवून पुन्हा ओढता येतं. नेम डळमळतोय हे कळूनही तू सोडतेस, कारण उतरवणं तुला हार वाटते.

या आठवड्यात रोज बारा बाण ओढ. मनासारखा नसेल तो उतरव, मोजणारं कोणी जवळ नसलं तरी. तुझ्या तिरंदाजीच्या सरांना आधी विचार, धनुष्य सावकाश सैल करायची रीत ते दाखवतील. रविवारी फोन कर. गुण नको सांगूस, किती उतरवलेस ते सांग.

तुझे आजोबा