टूथपेस्टचे वावडे : ओठ फुटणे, चट्टे आणि जळजळ



आपल्या भागात पूर्वी दात घासायला बाभळीची नाहीतर कडुनिंबाची काडी, चुलीतली राखुंडी किंवा मिश्री असे. आता घरोघरी टूथपेस्टची ट्यूब आली. हे चांगलेच झाले. परंतु पेस्टमधला एखादा पदार्थ काही माणसांना मानवत नाही व त्यामुळे ओठ आणि तोंडाभोवतीची कातडी बिघडते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मग "उष्णता झालीय" म्हणून सब्जा, गुलकंद, नाना मलमे महिनोन् महिने चालतात आणि पेस्टही रोज सकाळी चालूच राहते.

पेस्टमध्ये असते काय?

दात घासण्यासाठी खडूची किंवा सिलिकाची बारीक पूड, पेस्ट वाळू नये म्हणून ग्लिसरीन व सॉर्बिटॉल, फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट, दातांची कीड टाळण्यासाठी फ्लोराइड आणि चवीसाठी पुदिना, मेंथॉल, दालचिनी, लवंग यांचे अर्क. पेस्ट गोड लागते ती आपल्या उसाच्या साखरेने नव्हे. तो गोडवा बहुधा सॅकरिन व सॉर्बिटॉलचा असतो.

त्रास दोन तऱ्हेचा

पहिला म्हणजे नुसती चरचर. फेस आणणारा पदार्थ काहींच्या नाजूक कातडीला झोंबतो. तोंड कोरडे पडते, गालाच्या आतून पांढरी पातळ साल निघते. वरचेवर तोंड येणाऱ्या काही जणांना फेसाचा हा पदार्थ नसलेली पेस्ट वापरल्यावर फरक पडतो.

दुसरा म्हणजे खरे वावडे, अर्थात ॲलर्जी. हे समजायला आपल्या बांधावरचे गाजर गवत पाहा. दोघे मिळून गवत उपटतात; एकाच्या अंगाला खाज सुटून चट्टे उठतात, दुसऱ्याला काहीच होत नाही. ज्याला उठतात त्यालाही पहिल्या दिवसापासून उठत नव्हते. शरीर एकदा त्या पदार्थाला वैरी समजू लागले की मग दर खेपेला त्रास होतो, आणि तोही लगेच नव्हे, एक-दोन दिवसांनी. पेस्टचेही तसेच आहे. म्हणून "ही पेस्ट मी दहा वर्षं वापरतोय, आताच कशी बाधेल?" हा प्रश्न बरोबर नाही. बाधू शकते.

असे वावडे बहुतेक वेळा चवीच्या तेलांचे असते. ही तेले पुष्कळदा वनस्पतींचीच असतात. तेव्हा डब्यावर "वनस्पतिजन्य" छापले म्हणजे ती पेस्ट सर्वांना मानवेलच असे नाही. फ्लोराइडचे वावडे मात्र फार क्वचित आढळते.

ओळखावे कसे?

तोंडाच्या आत लाळ पेस्ट धुऊन नेते, पण ओठांवर व कोपऱ्यांत ती वाळून राहते. त्यामुळे ओठ फुटणे, साल निघणे, कोपरे चिरणे, तोंडाभोवती लाल खाजरे पुरळ येणे ही लक्षणे जास्त दिसतात. जिभेची आग किंवा हिरड्या लाल होणे हेही घडते. अर्थात अशी लक्षणे इतर कारणांनीही होतात.

काय करावे?

१. चालू पेस्ट दोन-तीन आठवडे बंद ठेवा. दात घासणे बंद करू नका. मऊ ब्रश व साधे पाणी, किंवा कमी चवीची, कमी फेसाची पेस्ट वापरा.

२. घासून झाल्यावर चूळ भरा आणि ओठ व हनुवटी पाण्याने धुवा.

३. दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे मलम आणून तोंडाला लावू नका. तेवढ्यापुरते बरे वाटते, पुढे पुरळ वाढते.

४. फरक न पडल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना पेस्टचा खोका बरोबर न्या. त्यावर घटक लिहिलेले असतात. डॉक्टर पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. तिला पॅच टेस्ट म्हणतात.

५. ओठ, जीभ एकाएकी सुजली किंवा श्वास लागला तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा. असे क्वचितच होते.

भाजल्यावर पेस्ट नको

चुलीवर, गुऱ्हाळावर किंवा पाचट पेटवताना भाजले की पेस्ट फासायची सवय अजून आहे. तिने जखम झोंबते, घाण आत राहते आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा, हाच खरा प्रथमोपचार.

मिश्रीकडे परत जाऊ नका

सर्वांत महत्त्वाचे हे की, पेस्ट मानवत नाही म्हणून कोणी पुन्हा मिश्री हाती धरू नये. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट व दंतमंजनावर भारत सरकारने १९९२ साली बंदी घातली, ती काही उगाच नाही. पेस्टच्या वावड्याने ओठ फुटतील, पण तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. आपल्या माताभगिनींपैकी कित्येक जणी आजही सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात; त्यांना हे घरच्यांनीच समजावून सांगितले पाहिजे. तोंडातील जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर "पेस्ट बाधली असेल" म्हणत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. वेळेवर दाखवलेला आजार आटोक्यात येतो.