एका दिवसात तीन शर्यती

पोहणे तुम्हाला माहीत आहे. सायकल चालवणे माहीत आहे. धावणे तर लहानपणापासूनचे आहे. ही तिन्ही कामे एकामागून एक, मध्ये विसावा न घेता केली, की त्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. शब्द परका आहे. पण अर्थ सोपा आहे : एका शर्यतीत तीन शर्यती.

यातली नावाजलेली लांब शर्यत म्हणजे आयर्नमन. ती पहिल्यांदा १९७८ साली हवाई बेटांवर झाली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी ती पुरी केली. आधी ३.८ किलोमीटर पोहायचे. मग १८० किलोमीटर सायकल. शेवटी ४२ किलोमीटर धावायचे.

नुसते आकडे वाचून हे ध्यानात येत नाही. आपल्याच मुलखात मोजून पाहू. तुमची विहीर दहा मीटर रुंद असली, तर ३८० वेळा या काठाहून त्या काठाला पोहायचे. मग ओल्या अंगाने सायकलवर बसायचे. नारायणगावाहून पुण्याला जायचे आणि परत यायचे, तरी अंतर उरतेच. मग सायकल ठेवून धावायचे. जुन्नरहून नारायणगाव गाठायचे, फिरून जुन्नरला यायचे, आणि पुन्हा नारायणगावची वाट धरायची.

कोणी म्हणेल, "अहो, पण कशापायी एवढा जीव काढायचा?"

कोणी हौसेने करतात. पण पुष्कळ जण दुसऱ्यासाठी करतात. आपल्या शेजारच्या नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे दोघे डॉक्टर भाऊ २०१५ साली सायकलवरून अमेरिका देश आडवा पार करून आले. सुमारे ४,८०० किलोमीटरची वाट. एकाने चालवायची, दुसऱ्याने तेवढ्यात पाठ टेकायची. नऊ दिवसांच्या आत ते पोचले. आदिवासी बांधवांच्या डोळ्यांच्या उपचाराला मदत मिळावी, हा हेतू त्यांनी पुढे ठेवला होता.

याहून जुनी गोष्ट कॅनडा देशातल्या टेरी फॉक्सची. कॅन्सरने त्याचा उजवा पाय गेला. तेव्हा तो अवघा १८ वर्षांचा होता. कॅन्सरवरच्या संशोधनाला पैसे हवेत म्हणून त्याने देशभर धावायचे ठरवले. कृत्रिम पाय लावून तो वर्षाहून जास्त काळ सराव करत होता. मग १९८० च्या एप्रिलात निघाला. रोज सुमारे ४२ किलोमीटर. १४३ दिवस तो धावला. मग रोग फुप्फुसात शिरला आणि थांबावे लागले. १९८१ साली तो वारला. त्याचे मागणे एवढेच होते, की देशातल्या प्रत्येक माणसाने एक डॉलर द्यावा. तेवढी रक्कम त्याच्या डोळ्यांदेखत जमली.

आता तयारीचे पाहू. "शेतकऱ्याला कसली तालीम? तो दिवसभर राबतोच की!" असे लोक म्हणतात. राबण्याने ताकद येते, हे खरे. पण दहा-बारा तास एका चालीने दम टिकवणे निराळे. वारकऱ्याला हे ठाऊक आहे. पहिल्या मुक्कामांना पाय बोलतात, पुढे मुरतात. पहिलवानही पहिल्याच दिवशी पाचशे जोर मारत नाही. मारले, तर दुसऱ्या दिवशी त्याचा हात वर होत नाही.

म्हणून थोडे थोडे वाढवावे. या आठवड्यात दहा किलोमीटर धावलात, तर पुढच्या आठवड्यात अकरा. तीन आठवडे वाढवावे, चौथ्यात कमी करावे. आठवड्यातला एक दिवस पुरा आराम. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येईना, तर चाल कमी करा. आमचे मत असे, की पहिल्या वर्षी लांब शर्यतीचे नावच काढू नये. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे, अशी लहान शर्यत असते. तिथून सुरुवात करावी.

चाळिशी उलटलेल्याने, किंवा साखर अथवा रक्तदाब असलेल्याने, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबावे. लाजू नये.

विहिरीत पोहणारा धरणात पोहेलच असे नाही. माणिकडोह, येडगाव, डिंभे ही धरणे खोल आहेत. तळाशी गाळ असतो. बुडालेल्या झाडांचे बुंधे असतात. हात धरायला काठ जवळ नसतो. मनाई असेल तिथे उतरू नये. परवानगी असली तरी एकट्याने उतरू नये. काठावर पट्टीचा पोहणारा आणि फुगवलेली ट्यूब हवीच.

आणखी एक गोष्ट शहरातल्या पुस्तकांत सापडायची नाही. आपल्याकडे उसात बिबट्या असतो. पहाटेच्या अंधारात उसाच्या कडेने एकट्याने धावू नये. चांगले उजाडू द्यावे, दोघा-तिघांनी मिळून जावे, बोलत जावे. बुटाची नाडी बांधायला उसाजवळ वाकून बसू नये.

खाणे घरचेच पुरते. भाकरी, उसळ, केळी, गूळ-शेंगदाणे. लांब सरावात नुसते पाणी ढोसू नये. घामावाटे मीठ जाते, म्हणून मीठ-साखरेचे लिंबूपाणी घ्यावे.

आता पैसा. लोक तुमच्या घामाकडे पाहून देतात, पण विश्वासावर देतात. एखाद्या शाळेच्या खोलीसाठी मागितले, तर ते तिथेच गेले पाहिजेत. बूट, प्रवास, शर्यतीची फी हे सगळे आपल्या खिशातून. महागडी सायकल घ्यायची आणि देणगी त्याच्या निम्मीही जमवायची नाही, याला आम्ही दान म्हणत नाही. त्यापेक्षा सायकलीचे पैसेच शाळेला द्यावेत. बँकेत वेगळे खाते काढावे, ते तिघांच्या नावाने असावे. पावती दिल्याशिवाय रुपया घेऊ नये. शर्यत अर्धी राहिली, तर देणाऱ्याला तसे स्पष्ट सांगावे. मग त्याने द्यावे की न द्यावे, हे त्याचे तो ठरवील.

तुम्हाला आता लिहिता येते. एक वही घ्या. डाव्या पानावर रोज किती पोहलो, किती सायकल चालवली, किती धावलो, ते लिहा. उजव्या पानावर कोणी किती दिले ते लिहा. महिन्याच्या शेवटी उजव्या पानाची बेरीज चावडीवर मोठ्याने वाचा.

सराव : तुमच्या गावाहून तालुक्याचे गाव किती किलोमीटर आहे? तिथे जाऊन-येऊन ४२ किलोमीटर व्हायला किती फेऱ्या लागतील? हिशेब वहीत मांडा.