घरचा मीटर आणि २०० अँपियरचं वेल्डिंग मशीन

प्रश्न : गोठ्याचं फाटक, खिडकीची जाळी अशी कामं घरीच करावीत म्हणून छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घ्यायचा विचार आहे. मशीनवर २०० अँपियर लिहिलेलं असतं आणि आमच्या मेनला एमसीबी ३२ अँपियरचा. दुकानदार म्हणतो, घरच्या लाइटवर आरामात चालतं. हे कसं शक्य आहे? वायरिंग जळणार नाही ना? आणि बिल किती येईल?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : दुकानदाराचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच.

मशीनवरचे २०० अँपियर हे होल्डरकडे जाणाऱ्या जाड केबलमधले, म्हणजे रॉडच्या टोकाशी मिळणारे. तिथं व्होल्टेज अगदी कमी असतं. मशीन भिंतीतून २३० व्होल्टची वीज घेतं, व्होल्टेज पंचवीसेकपर्यंत उतरवतं आणि त्याच्या बदल्यात अँपियर वाढवतं. त्यामुळे घरच्या तारेवर किती भार पडेल हे त्या २०० च्या आकड्यावरून कळत नाही. तुम्ही कुठला रॉड जाळणार, यावरून कळतं.

घरगुती कामाला बहुतेक वेळा १२ नंबरचा, म्हणजे २.५ मिमीचा रॉड पुरतो. तो ८० अँपियरच्या आसपास छान चालतो. त्या वेळी ठिणगीपाशी सुमारे २३ व्होल्ट असतात, म्हणजे साधारण १,८५० वॅट. मशीनमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून भिंतीतून २,३०० वॅट घेतले जातात. २३० ने भागलं तर १० अँपियर येतात, पण स्वस्त मशीनच्या बाबतीत हा हिशोब फसतो. ही मशीनं वीज सलग न घेता प्रत्येक लहरीच्या माथ्यावर हिसका मारून खेचतात. त्यामुळे तारेतून प्रत्यक्षात १५-१६ अँपियर वाहतात. गीझरच्या १६ अँपियरच्या पॉइंटची ही अगदी शेवटची मर्यादा.

फाटकाच्या जाड अँगलला १० नंबरचा, ३.१५ मिमीचा रॉड लावलात आणि नॉब ११० वर नेलात, की त्याच हिशोबानं तारेतले अँपियर २२ च्या घरात जातात. इथं गीझरचा पॉइंट वापरायचा नाही. आणि नॉब २०० वर नेला तर ४५ च्याही पुढे. तिथं तुमच्या मेनचा एमसीबीही फार वेळ टिकणार नाही. म्हणजे मशीन घरच्या लाइटवर चालतं, पण अर्ध्या ताकदीनं. घरच्या कामाला तेवढी ताकद पुरेशी असते.

वायरिंगच्या बाबतीत माझा सर्वांत मोठा आक्षेप एक्स्टेंशन बोर्डावर आहे. फाटक अंगणात आणि पॉइंट स्वयंपाकघरात, म्हणून लोक मंडपवाल्याकडची बारीक वायर आणतात. समजा ती १.५ चौरस मिमीची आणि ३० मीटर लांब आहे. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं झालं. २२ अँपियरला त्यात १७-१८ व्होल्ट वाटेतच संपतात आणि जवळपास ३८० वॅट उष्णता त्या वायरीत तयार होते. वायर जमिनीवर पसरलेली असेल तर ती नुसती गरम होते. गुंडाळीत तशीच ठेवली तर ही सगळी उष्णता एका जागी कोंडते, आवरण मऊ पडतं आणि आतल्या तारा एकमेकींना भिडतात. त्याच लांबीची ४ चौरस मिमीची वायर घेतलीत तर व्होल्टेजची घट साडेसहावर येते. म्हणून एक्स्टेंशन शक्यतो टाळा. टाळता येत नसेल तर जाड घ्या, आणि पूर्ण उलगडल्याशिवाय मशीन चालू करू नका.

गावाकडे आणखी एक गोष्ट होते. संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येतं. तेवढाच जाळ द्यायला मशीन अशा वेळी कमी नव्हे, जास्त प्रवाह ओढतं. २२ चे २७ अँपियर होतात. व्होल्टेज फारच पडलं तर रॉड चिकटायला लागतो, माणूस नॉब वाढवतो आणि तार आणखी तापते. अशा वेळी काम सकाळवर ढकलणं बरं.

फॅब्रिकेशनच्या दुकानात दिसणारं जुनं, जड ट्रान्सफॉर्मरचं मशीन घरी आणू नका. त्यातली बरीचशी दोन फेजवर चालतात, आणि तुमच्या घरी फेज एकच आहे. दिवाणखान्यातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर वेल्डिंग मशीन लावायचा प्रयोगही नको. आणि मीटरच्या आधी तार टाकून वीज घेणं, मग ते एका तासापुरतं का असेना, वीजचोरीच ठरते.

बिलाची काळजी मात्र सोडा. १२ नंबरचा एक रॉड मिनिटभरात जळतो. त्या हिशोबानं एका युनिटमध्ये वीस-पंचवीस रॉड निघतात. फाटकाला विजेपेक्षा रॉडचा आणि अँगलचाच खर्च जास्त येईल. फक्त बिलावरचा मंजूर भार एकदा बघून घ्या, आणि वेल्डिंग चालू असताना गीझर व पंप बंद ठेवा. शेजाऱ्यांची कामं पैसे घेऊन करायचा विचार असेल तर आधी महावितरणकडे वर्गवारी बदलून घ्या. घरगुती जोडणीवर धंदा चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो.

मशीनचे पैसे देण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलवा. मीटरच्या बोर्डापासून अंगणापर्यंत ४ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन, तिला स्वतःचा २५ अँपियरचा सी प्रकारचा एमसीबी, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आणि ३२ अँपियरचा इंडस्ट्रियल सॉकेट एवढं त्याच्याकडून करून घ्या. लाइन लांब जात असेल तर ६ चौरस मिमी वापरा. आणि त्याच भेटीत घराचं अर्थिंग मोजायला सांगा. ओल्या अंगणात लोखंड हातात धरून काम करणार असाल, तर ते तपासल्याशिवाय पहिला रॉडसुद्धा पेटवू नका.