जस्ताची बोटं आणि एक बंद स्विच

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठीत मी आजवर फक्त परीक्षेपुरते निबंध लिहिले. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण तो मला पहिल्यांदा मराठीतच समजावून सांगावा लागला.

माझी रूममेट गडचिरोली जिल्ह्यातली. तिच्या धाकट्या बहिणीला सिकलसेल आहे. गेल्या सेमिस्टरला एका रात्री घरून फोन आला, बहिणीचं अंग पुन्हा दुखायला लागलं होतं. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "तू बायोटेकची ना? मग सांग. ही जन्मली तेव्हा ठणठणीत होती. सहा-सात महिन्यांची झाली आणि हातापायाची बोटं सुजली. तेव्हाच आई धानाच्या रोवणीला जायला लागली होती. दूध कमी पडलं म्हणून पोरीला हे झालं, असं सगळे म्हणतात. आईलाही तसंच वाटतं."

प्रश्न साधा होता, पण माझ्या नोट्समध्ये उत्तर सरळ लिहिलेलं नव्हतं. ते जुळवायला दोन दिवस लागले. तेच इथे मांडते.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सुमारे २०,००० जनुकं असतात. तरी डोळ्याची पेशी वेगळी आणि रक्ताची वेगळी. कसं? आपल्या हॉस्टेलचंच बघा. प्रत्येक खोलीत वायरिंग सारखंच, पण कुठे पंखा चालू, कुठे नुसता दिवा. फरक स्विचचा. पेशीत हे स्विच दाबणारी प्रथिनं असतात, त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात.

पण एवढ्या लांबलचक डीएनएमध्ये नेमका स्विच सापडतो कसा? रात्री लाईट गेल्यावर आपण काय करतो? भिंतीवर बोटांनी चाचपतो. ही प्रथिनंही तेच करतात! १९८५ मध्ये केंब्रिजला एरन क्लुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना झेनोपस नावाच्या आफ्रिकन बेडकाच्या अंड्यांतल्या एका प्रथिनात एकाच नमुन्याचे सलग नऊ तुकडे दिसले. प्रत्येक तुकड्यात साधारण ३० अमिनो आम्लं. त्यातली दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक अणू धरून ठेवतात. यालाच झिंक फिंगर, म्हणजे जस्ताचं बोट म्हणतात. जस्त स्वतः डीएनएला हात लावत नाही. ते फक्त बोटाची घडी पक्की ठेवतं. घडी मोडली की बोट निकामी.

हे बोट डीएनएच्या मोठ्या खाचेत शिरतं आणि साधारण तीन अक्षरं वाचतं. तीन बोटं ओळीने असतील तर नऊ अक्षरांचा पत्ता झाला. पत्ता पटला की प्रथिन तिथे बसतं. मग ते जनुक वाचणारी यंत्रणा बोलावून जनुक चालू करतं, नाहीतर डीएनए घट्ट गुंडाळणारी मंडळी बोलावून बंद करतं. माणसात अशी शेकडो प्रथिनं आहेत.

आता रूममेटच्या प्रश्नाकडे येऊ. बाळ पोटात असताना त्याचं हिमोग्लोबिन अल्फा आणि गॅमा साखळ्यांचं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा बंद होत जाते आणि तिच्या जागी बीटा येते. सिकलसेलचा दोष बीटाच्या जनुकात असतो, फक्त एका अक्षराचा. म्हणून गॅमा चालू असेपर्यंत बाळ ठीक असतं. गॅमा बंद करणाऱ्या मुख्य प्रथिनाचं नाव बीसीएल-११ए. तेही जस्ताच्या बोटांचंच. गॅमाच्या जनुकाजवळची टी-जी-ए-सी-सी-ए ही सहा अक्षरं वाचून ते तिथे बसतं.

म्हणजे त्या सहा महिन्यांत बदलला तो स्विच. आईच्या दुधाचा त्यात काही संबंध नाही. दोषी जनुकाची एकेक प्रत आई आणि वडील दोघांकडून आली, तीही त्यांच्या नकळत. कारण एकच प्रत असलेल्या माणसाला सहसा काही त्रास होत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. त्या मुलीचं गॅमाचं जनुक आजही शाबूत आहे, फक्त बंद आहे. ते उघडायची उपचारपद्धती नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्य केली. तिचं नाव कॅसगेव्ही. रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढून, क्रिस्परने बीसीएल-११एच्या जनुकात एक छोटा काप देतात. कुठे? तर लाल पेशींच्या घडणीत गाटा-१ नावाचं दुसरं प्रथिन जिथे बसून ते जनुक जोरात चालवतं, तिथे. गंमत म्हणजे गाटा-१लाही जस्ताचीच बोटं! बाकीच्या पेशींत बीसीएल-११एचं काम सुरू राहतं. पण अमेरिकेत याची किंमत २२ लाख डॉलर ठरली, आणि आधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते. रूममेटच्या बहिणीला सध्या रोजची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आहे. ती गोळीही बऱ्याच रुग्णांत गॅमा थोडी वाढवते.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या मित्रांनो, रक्ताची साधी तपासणी करून घ्या, लग्नाआधी तर नक्कीच.

मी जे सांगितलं ते रूममेटने तिच्या भाषेत आईला फोनवर सांगितलं. स्पीकर चालू होता. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग आई म्हणाली, "म्हणजे माझ्या दुधाचा दोष नव्हता?"

व्हायव्हात मला इतका महत्त्वाचा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही.