घर पसंत पडल्यापासून कर्ज मंजूर होईपर्यंत

सर्वसामान्य कुटुंबाच्या आयुष्यात घराची खरेदी हा बहुधा सर्वांत मोठा व्यवहार असतो. अनेक वर्षांची बचत, पत्नीचे दागिने, गावाकडील शेताचे उत्पन्न आणि बँकेचे कर्ज अशा चार ठिकाणांहून पैसा गोळा होतो, तेव्हा कोठे घर उभे राहते. या व्यवहारातील सर्वांत नाजूक काळ म्हणजे घर पसंत पडल्या दिवसापासून बँकेचे मंजुरीपत्र हाती येईपर्यंतचे काही आठवडे. घर दुसऱ्याने नेऊ नये अशी घाई एका बाजूला असते आणि कर्ज मिळेलच याची खात्री दुसऱ्या बाजूला नसते. या काळात घर आपल्यासाठी राखून कसे ठेवावे आणि आपली रक्कमही सुरक्षित कशी राखावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोसाडचे उदाहरण

सुरत शहराच्या उत्तरेस, तापी नदीपलीकडे कोसाड आहे. मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उतराणनंतरचे हे स्थानक. एके काळचे हे गाव आज सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. आपल्या नंदुरबार, धुळे व जळगाव जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे यंत्रमागाच्या आणि कापड उद्योगाच्या निमित्ताने सुरतेत स्थायिक झाली आहेत. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाण्याची त्यांची इच्छा स्वाभाविक आहे, आणि शहराच्या कडेला वाढलेल्या कोसाड-अमरोलीसारख्या भागांकडे अशा कुटुंबांची दृष्टी वळते. या घरांसाठी गावाकडचे भाऊ आणि वडील पैसा पाठवतात. म्हणून हा विषय सुरतेत राहणाऱ्यांइतकाच खानदेशातील वाचकांचाही आहे.

१ मे १९६० पूर्वी दोन्ही प्रदेश एकाच मुंबई राज्यात होते. त्यामुळे सातबारा, मुद्रांक आणि नोंदणी यांची चौकट दोहोंकडे ओळखीची वाटते. शब्द मात्र निराळे आहेत. आपण ज्याला इसार म्हणतो त्याला तेथे ‘बाना’ म्हणतात, आणि आपले साठेखत म्हणजे तेथील ‘बानाखत’. दस्त गुजराती लिपीत असतो. ती लिपी वाचता येत नसेल, तर विश्वासू जाणकाराकडून प्रत्येक ओळ वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

केवळ शब्दाने घर राखले जात नाही

विकणाऱ्याने ‘घर तुमचेच’ असे म्हटले, पाच-पंचवीस हजार रुपये घेतले आणि वहीच्या पानावर पावती दिली, म्हणजे घर राखले गेले, असा समज सर्वत्र आढळतो. कायदा याहून वेगळे सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच.

मग साठेखताचा उपयोग काय? करार मोडल्यास तो प्रत्यक्षात पुरा करून देण्याचा आदेश न्यायालयाकडे मागता येतो. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने ही बाजू अधिक बळकट झाली आहे. परंतु त्याच कायद्यात एक महत्त्वाचा अपवाद आहे. पहिल्या कराराची कल्पना नसताना दुसऱ्या माणसाने प्रामाणिकपणे पूर्ण किंमत मोजून ते घर घेतले असेल, तर त्याच्याविरुद्ध पहिल्या खरेदीदाराचे चालत नाही. साठेखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवले, तर ते सार्वजनिक दप्तरात जाते आणि नंतरच्या खरेदीदाराला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्यास जागा राहत नाही. घर राखून ठेवणारी गोष्ट कोणती, याचे उत्तर येथे आहे. इसाराची रक्कम वाढवल्याने घर अधिक पक्के होत नाही. ते पक्के होते नोंदणीने.

आधी बँक, मग इसार

पुष्कळ कुटुंबे प्रथम इसार देतात आणि मग बँकेत जातात. हा क्रम उलटा करावा. घर शोधू लागण्यापूर्वीच बँकेकडे किंवा गृहवित्त संस्थेकडे उत्पन्नाचे पुरावे देऊन तत्त्वतः मंजुरी घ्यावी. आपल्याला किती कर्ज मिळू शकेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

यंत्रमागावरील कारागीर, हिऱ्याचे कारागीर आणि छोटे दुकानदार यांची कमाई पुष्कळदा रोखीने होते. उत्पन्न असते, पण त्याचा कागद नसतो. अशांनी निदान वर्षभर आधीपासून कमाई नियमितपणे बँकखात्यात भरावी, शक्य असल्यास प्राप्तिकराचे विवरणपत्र भरावे आणि घरातील मिळवत्या व्यक्तीस सहकर्जदार करावे. आपला पतअहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तो पाहून जुन्या थकबाकीची नोंद असल्यास ती आधीच मिटवावी.

एक भेद लक्षात ठेवावा. तत्त्वतः मंजुरी ही माणसाची असते, घराची नसते. पुढे बँक त्या घराचे कागद वकिलाकडून तपासते आणि मूल्यांकनकाराकडून त्याची किंमत ठरवते. यांपैकी एका पायरीवर अडचण आली, तरी उत्तम पगाराच्या माणसालाही त्या घरासाठी कर्ज मिळत नाही.

मूल्यांकनातील तफावत

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीस लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात बँकेला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के कर्ज देता येते. बँक याहून कमीही देऊ शकते. शिवाय ही टक्केवारी विकणाऱ्याने सांगितलेल्या भावावर आपोआप लागू होत नाही. बँकेचा मूल्यांकनकार ठरवील ती किंमतही पाहिली जाते.

समजा, घर २४ लाखांना ठरले. बँकेने तेवढीच किंमत मान्य करून ९० टक्के दिले, तर कर्ज २१ लाख ६० हजार होईल आणि पदरचे २ लाख ४० हजार लागतील. बँकेने किंमत २० लाखच धरली, तर कर्ज १८ लाखांवर येईल आणि पदरचे ६ लाख उभे करावे लागतील. त्याखेरीज गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क एकूण ४.९ टक्के व नोंदणी फी १ टक्का आहे. २४ लाखांवर ही रक्कम १ लाख ४१ हजार ६०० रुपये होते. खरेदी केवळ महिलांच्या नावे असल्यास नोंदणी फी माफ होते, म्हणजे येथे २४ हजार रुपये वाचतात.

हप्त्याचा हिशेबही आधीच करावा. १८ लाखांचे कर्ज, व्याज साडेआठ टक्के आणि मुदत वीस वर्षे धरल्यास मासिक हप्ता सुमारे १५,६०० रुपये येतो. यंत्रमाग काही आठवडे बंद राहिले तरी हा हप्ता भरता येईल काय, हा प्रश्न इसार देण्यापूर्वी विचारावा.

इसार किती व कसा द्यावा

इसार बेताचाच असावा. ज्या गृहप्रकल्पांना २०१६ चा स्थावर संपदा कायदा लागू आहे, तेथे विक्रीचा लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय विकसकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेता येत नाही. जुन्या घराच्या व्यवहाराला ही मर्यादा नाही. म्हणून तेथे खरेदीदाराने स्वतःच सावध राहावे.

रक्कम धनादेशाने किंवा बँकखात्यातूनच द्यावी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याने जून २०१५ पासून मनाई केली आहे. रोख दिलेल्या पैशाचा पुरावा उरत नाही, आणि बँकही कर्ज देताना ती रक्कम खरेदीदाराचा हिस्सा म्हणून धरीत नाही.

इसार परत मिळणे न मिळणे करारातील शब्दांवर अवलंबून असते. खरेदीदाराच्या कसुरीने व्यवहार मोडला आणि करारात तशी स्पष्ट अट असली, तर इसार म्हणून दिलेली रक्कम जप्त होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली पुन्हा स्पष्ट केले आहे. बँकेने कर्ज नाकारले, एवढ्याच कारणाने रक्कम परत मिळेल असे गृहीत धरता येत नाही. तशी तरतूद करारातच असावी लागते.

साठेखतात पुढील अटी अवश्य घालाव्यात :

(१) ठरलेली किंमत, दिलेला इसार आणि उरलेली रक्कम देण्याची तारीख.

(२) अमुक तारखेपर्यंत अमुक रकमेचे कर्ज मंजूर न झाल्यास किंवा कमी रकमेचे झाल्यास संपूर्ण इसार ठरावीक दिवसांत परत मिळेल. येथे ‘कर्ज’ हा शब्द पुरेसा नाही. रक्कम आकड्यात लिहावी.

(३) शीर्षकात, म्हणजे मालकी हक्कात, दोष आढळल्यास इसार परत मिळेल.

(४) या मुदतीत विकणारा ते घर दुसऱ्यास विकणार नाही, गहाण ठेवणार नाही.

(५) बँकेस लागणारे मूळ कागद विकणारा उपलब्ध करून देईल. बँक बहुधा मूळ हक्कलेख ठेवून घेऊनच घर तारण करते, म्हणून ही अट महत्त्वाची आहे.

खरेदीदाराचेही कर्तव्य आहे. त्याने कर्जाचा अर्ज विनाविलंब करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. करार पुरा करण्यास आपण सदैव तयार होतो, हे न्यायालयात त्यालाच दाखवावे लागते.

वाट पाहण्याचा काळ वाया घालवू नये

बँक अर्ज तपासत असताना खरेदीदाराने स्वतःही कागद तपासावेत. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, जमीन बिगरशेती झाल्याचा आदेश, बांधकामाची परवानगी आणि मालमत्ता कराची पावती पाहावी. मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध वकिलाकडून घ्यावा. घर आधीच कोठे तारण आहे काय, हे २०११ पासून सुरू असलेल्या केंद्रीय तारण नोंदवहीत माफक फी भरून पाहता येते. विकणाऱ्याचे जुने कर्ज बाकी असल्यास त्याच्या बँकेचा शिल्लक रकमेचा दाखला घ्यावा आणि ती रक्कम थेट त्या बँकेतच भरली जाईल अशी व्यवस्था करावी. सुरतेच्या काही भागांत गुजरातचा अशांत क्षेत्रांविषयीचा १९९१ चा कायदा लागू आहे. तेथे हस्तांतरणापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक असते. त्या परवानगीस लागणारा वेळ कराराच्या मुदतीत धरावा.

ज्या घरावर बँक कर्ज देत नाही

२००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाखाली कोसाडला झोपडपट्टीवासीयांसाठी मोठी वसाहत उभी राहिली. शासकीय योजनेतील घरे लाभधारकाला स्वतःच्या राहण्यासाठी मिळतात आणि त्यांच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. अशी घरे काही ठिकाणी मुद्रांकावर लिहून, नोटरीची सही घेऊन आणि कुलमुखत्यारपत्र देऊन ‘विकली’ जातात. किंमत कमी असल्याने मोह पडतो. परंतु कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला आहे. अशा व्यवहारात पैसे जातात, आणि वाटप रद्द झाल्यास घरही जाते. बँक या कागदांवर कर्ज देत नाही, तेव्हा ती एक प्रकारे खरेदीदाराला सावधच करीत असते. असा नकार आल्यास दुसरीकडून अधिक व्याजाने पैसे उभारून तोच व्यवहार पुरा करण्याचा आग्रह धरू नये.

बँकेची तपासणी ही अनेकांना कटकट वाटते. वास्तविक ज्या घरात आपले कुटुंब पुढील पन्नास वर्षे राहणार, त्याचे कागद आणखी कोणीतरी बारकाईने पाहावेत यात आपलेच हित आहे. गावातील शिक्षक, ग्रामसेवक आणि तलाठी यांचा सल्ला लोक मानतात. परगावी घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला त्यांनी तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात : इसारापूर्वी बँकेची तत्त्वतः मंजुरी घ्यावी, कर्जाची अट रकमेसह साठेखतात लिहावी आणि ते साठेखत नोंदवावे. त्यानंतर मंजुरीस चार आठवडे अधिक लागले, तरी घर आणि पैसा या दोहोंची काळजी पुष्कळ अंशी दूर होते.